रमजानच्या आधी परसबाग तयार करा : उन्हाळी भाजीपाल्याची जानेवारीतली तयारी

रमजान तोंडावर आला की बाजारात पुदिना आणि कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय राहत नाही. लिंबू, काकडी, टोमॅटो, हिरवी मिरची यांचंही तेच. इफ्तारला चटणी लागते, कचुंबर लागतं, हलीम आणि हरिऱ्यावर कोथिंबीर लागते. एरवी आठवड्यातून दोनदा लागणाऱ्या वस्तू रोज लागू लागतात, आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराला त्या एकाच वेळी लागतात. यातलं निदान निम्मं आपल्या परसात, अंगणात किंवा गॅलरीतल्या डब्यांत पिकू शकतं. मात्र त्यासाठी रमजानचा चांद दिसायची वाट पाहून चालत नाही. काम जानेवारीतच सुरू करावं लागतं.

यंदा शाबान जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो, शबे-बरात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येते आणि चंद्रदर्शनानुसार रमजान १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल. म्हणजे ईदुल फित्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. भाजीपाल्याच्या दृष्टीने हा योग फार चांगला आहे. महाराष्ट्रात उन्हाळी भाज्यांची लावण जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत होते. जमीन, खत, वाफे, बी हे सगळं शाबानमध्ये उरकलं, तर रोज्यांच्या दिवसांत फक्त पाणी देणं आणि तोडणं एवढंच काम उरतं. उलट सगळी खोदाई रोजे सुरू झाल्यावर काढली, तर ती अर्धवट राहते. मार्चच्या उन्हात कोवळी रोपं करपतात आणि “आमच्याकडे काही होत नाही” असं म्हणत कुदळ पुन्हा कोपऱ्यात जाते.

थंडी आणि उन्हाच्या मधले पंधरा दिवस

संक्रांत झाली की थंडी हळूहळू ओसरू लागते. भेंडी, काकडी, दुधी, कारली, दोडका ही ऊब मागणारी पिकं आहेत. जमीन गार असेल तर त्यांचं बी उगवत नाही, तसंच पडून कुजतं. म्हणून डिसेंबरच्या कडाक्यात पेरलेली भेंडी वाया जाते आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेली आठ-दहा दिवसांत वर येते. कोकणात थंडी मुळातच सौम्य असल्याने तिथे आठवडाभर आधी पेरलं तरी चालतं. मराठवाडा, खानदेश, विदर्भात पहाटेची थंडी टिकून असेल तर वेलभाज्यांसाठी फेब्रुवारीचा पहिला आठवडा उत्तम.

दुसऱ्या टोकाला ऊन आहे. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर गेला की टोमॅटोची फुलं फळ न धरता गळतात. कोथिंबीर आणि पालक उन्हात लवकर फुलावर येतात, मग पानं कडक आणि कडवट होतात. त्यामुळे टोमॅटोला मार्चअखेरपर्यंत फळ धरायला वेळ मिळायला हवा आणि पालेभाज्यांची पहिली काढणी ऊन तापण्याआधी व्हायला हवी. या दोन अडचणींच्या मधली जी फट आहे, ती म्हणजे २० जानेवारी ते ५ फेब्रुवारी. तयारी त्याआधी झालेली असली पाहिजे.

हिजरी वर्ष चांदावर चालतं आणि शेती सूर्यावर. हिजरी वर्ष सूर्यवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. हा प्रश्न दख्खनच्या राज्यकर्त्यांनाही पडला होता. महसूल पिकावर घ्यायचा तर वर्षही पिकाच्या चालीने हवं. म्हणून जुन्या मराठी कागदपत्रांत जो सुहूर सन दिसतो, तो मृग नक्षत्रापासून सुरू होई. त्याला मृगसाल असंही म्हणत. ‘फसली’ सनही याच गरजेतून आला, आणि फसल म्हणजे हंगाम, पीक. रब्बी आणि खरीप हे आपले रोजचे शब्दही मूळ अरबी आहेत : रबी म्हणजे वसंत, खरीफ म्हणजे शरद. झाडाचं ‘कलम’ आणि लिहिण्याचा ‘कलम’ एकच. शेती आपल्या बोलीत इतकी मुरलेली आहे.

जागा कशी निवडायची

दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढी जागा पाच माणसांच्या घराला पुरेशी आहे. सगळी भाजी त्यातून भागणार नाही, पण पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, पुदिना आणि आठवड्यातून दोन-तीन वेळची फळभाजी निघते. जागा निवडताना तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, ऊन. फळभाज्यांना रोज किमान सहा तास ऊन हवं. पालेभाज्यांना तीन-चार तासही पुरतात. सकाळचं ऊन मिळणारी आणि दुपारी भिंतीची किंवा झाडाची सावली येणारी जागा उन्हाळ्यासाठी सोन्यासारखी. दुसरी, पाणी. वजूखान्याची, न्हाणीघराची किंवा स्वयंपाकघराची मोरी जवळ असेल तर बादल्या वाहायचे कष्ट वाचतात. तिसरी, मोठी झाडं. आंबा, फणस, नारळाच्या अगदी बुंध्याशी भाजी लावली तर झाडाची मुळं सगळं खत-पाणी ओढून घेतात.

दहा बाय दहाच्या जागेत तीन-तीन फूट रुंदीचे तीन वाफे पाडावेत आणि मध्ये पाऊल मावेल एवढी वाट ठेवावी. तीन फूट रुंदी यासाठी की दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोहोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. तुडवलेली माती घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

माती ओळखा, मग खत टाका

ओलसर माती मुठीत घेऊन दाबा. गोळा झालाच नाही, लगेच सुटली, तर माती वाळूची. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर माती उत्तम. गोळा चिकट राहिला, लोण्यासारखा दबला, तर ती भारी काळी माती.

कोकणातली जांभ्याची लाल माती पाणी धरत नाही आणि आम्ल असते. तिला शेणखत, पालापाचोळा जास्त लागतो. चुलीची राख मूठ-दोन मूठ टाकली तर फायदा होतो, कारण राख आम्लता कमी करते. देशावरची आणि मराठवाड्यातली काळी माती याच्या उलट. ती मुळातच अल्कधर्मी असते. तिथे राखेचे ढीग टाकू नयेत. काळ्या मातीला भेगा पडतात, पाणी साचतं. तिच्यात कुजलेलं खत, भाताचं तूस किंवा बारीक पालापाचोळा मिसळला की ती भुसभुशीत होते.

खोदाई फूटभर खोल करायची. ढेकळं लगेच फोडू नका. आठ-दहा दिवस उन्हात तशीच पडू द्या. किडींची अंडी, कोष, तणाची मुळं वर येतात. ती ऊन आणि पाखरं संपवतात. मग ढेकळं फोडून काडीकचरा, दगड, प्लास्टिक वेचून काढायचं.

खताचा हिशेब सोपा आहे. दहा बाय दहाच्या तुकड्याला चांगलं कुजलेलं २० ते २५ किलो शेणखत किंवा कंपोस्ट पुरतं. गांडूळखत असेल तर निम्म्यात भागतं. सोबत किलोभर निंबोळी पेंड मिसळली की हुमणी आणि सूत्रकृमींना आळा बसतो. खत वरच्या सहा इंचांत मिसळायचं, कारण भाजीची बहुतेक मुळं तिथेच असतात. त्यानंतर एक हलकं पाणी द्यायचं आणि चार-पाच दिवस थांबायचं. जमिनीतलं तण उगवून येतं. ते खुरप्याने काढलं की पुढचं अर्धं खुरपणं वाचतं.

ताजं शेण, कोंबडीची ताजी विष्ठा किंवा बकऱ्यांच्या लेंड्या थेट वाफ्यात टाकू नका. कुजताना उष्णता निघते आणि कोवळी मुळं जळतात. शिवाय ताज्या शेणातले जंतू कच्च्या खायच्या पानांवर जातात. पुदिना, कोथिंबीर, मुळा आपण कच्चाच खातो. काही घरांत शंका असते की शेणखतावर वाढलेली भाजी पाक कशी? शेतीत शेणखत घालण्याची रीत जुनी आहे आणि त्यावर वाढलेली भाजी हलालच आहे. पानाला माती-खत लागलं असेल तर नीट धुवून घ्यायचं. मनात आणखी काही असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमसाहेबांना विचारून घ्यावं.

उन्हाळ्याचे वाफे सपाट हवेत

बऱ्याच ठिकाणी उंच मातीचे गादीवाफे करण्याचा सल्ला वाचायला मिळतो. पावसाळ्यात तो बरोबर आहे, कारण जादा पाणी निघून जायला हवं. उन्हाळ्यात मात्र उंच वाफा चारी बाजूंनी वाळतो. म्हणून फेब्रुवारी ते मेच्या पिकासाठी पालेभाज्यांना सपाट वाफा करावा आणि कडेने चार बोटं उंच बांध घालावा. दिलेलं पाणी तिथेच मुरतं. भेंडी, वांगी, टोमॅटो, मिरचीसाठी सरी-वरंबा करावा. रोप वरंब्याच्या बगलेला आणि पाणी सरीतून. गादीवाफा फक्त रोपवाटिकेसाठी ठेवावा. तिथे बी नाजूक असतं आणि पाणी साचलं की रोपं कोलमडतात.

वेलांसाठी वेगळे खड्डे घ्यायचे. कुंपणालगत फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात अर्धी माती आणि अर्धं कुजलेलं खत. दोन खड्ड्यांत तीन-चार फूट अंतर. वेल चढायला बांबू, जुनी जाळी किंवा सुतळी आधीच बांधून ठेवावी. वेल मोठा झाल्यावर खांब रोवायला गेलं की मुळं तुटतात.

बी कुठलं आणि कुठून

मेथी आणि धने विकत आणायची गरज नाही. मसाल्याच्या डब्यातले मेथीदाणे जुने नसतील तर छान उगवतात. धने भाजलेले नसावेत. ते चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायचे, कारण एका धन्यात दोन बिया असतात. अख्खा धना उगवायला वेळ लावतो.

बाकी बियाणं कृषी विद्यापीठांच्या वाणांचं घ्यावं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. तिथे आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रांत बियाणं मिळू शकतं. परभणीची ‘परभणी क्रांती’ भेंडी हळद्या म्हणजे केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून निवडली गेली. राहुरीची ‘हिमांगी’ काकडी, ‘सम्राट’ दुधी आणि ‘हिरकणी’ कारली, दापोलीचं ‘कोकण श्वेता’ पडवळ आणि ‘कोकण दुरंगी’ माठ हे वाण घरच्या बागेलाही चालतात. अशा सुधारित वाणांचं बी आपण घरी धरू शकतो. संकरित बियाण्याचं पीक जोरात येतं, पण त्याचं बी पुढच्या वर्षी तसंच निघत नाही.

पेरणीआधी भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा. कारली, दुधी, दोडक्याचं कवच कठीण असतं. ते दिवसभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोड दिसला की पेरा. बी जमिनीत त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावं. मेथी बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल गेली की वर येत नाही.

टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी टाकून रोप करायला चार ते सहा आठवडे लागतात. आता बी टाकायची वेळ टळली. जवळच्या रोपवाटिकेतून तयार रोपं आणणं शहाणपणाचं. रोप वीतभर उंच, जाड बुंध्याचं आणि फूल न आलेलं निवडा. लावण संध्याकाळी करा, म्हणजे रात्रभरात रोप सावरतं.

काय कधी ताटात येईल

२५ जानेवारीच्या सुमारास पेरलं असं धरून हा हिशेब पाहा. थंडी लांबली तर आठ-दहा दिवस पुढे-मागे होईल.

- मेथी आणि लाल माठ : २५ ते ३० दिवस. रमजानच्या पहिल्या आठवड्यात.
- पालक : ३० ते ३५ दिवस. फेब्रुवारीअखेर.
- कोथिंबीर : ४० दिवसांच्या आसपास. मार्चच्या पहिल्या आठवड्यात. कोवळी हवी असेल तर थोडी आधी.
- मुळा : ४० ते ४५ दिवस. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात.
- काकडी आणि भेंडी : ५० दिवसांच्या आसपास. शेवटच्या अशऱ्यात किंवा ईदच्या तोंडावर.
- गवार, दोडका, कारली, दुधी, पडवळ : ५५ ते ६५ दिवस. ईदनंतर, मार्चअखेरपासून पुढे.
- टोमॅटो आणि मिरची : रोप लावल्यापासून ६० दिवसांच्या आसपास. मार्चअखेर.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. रोज्यांच्या दिवसांत बागेतून मुख्यतः पालेभाजी मिळणार आहे. फळभाजी ईदनंतर, ऊन तापून बाजार कडाडतो तेव्हा. त्यामुळे पालेभाजीचा वाफा तीन भागांत वाटावा आणि दर दहा दिवसांनी एक भाग पेरावा. एकदम पेरली तर एकदम येते, निम्मी वाया जाते.

पुदिन्याला बी लागत नाही. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार-सहा जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, पाण्याच्या ग्लासात उभ्या करा. आठवडाभरात मुळं फुटतात. मग रुंद तोंडाच्या कुंडीत लावा आणि अर्धसावलीत ठेवा. पुदिना वाफ्यात मोकळा लावू नका, तो सगळीकडे पसरतो. आज काड्या लावल्या तर रमजानमध्ये चटणीपुरता खुडता येईल.

भेंडीची तीस रोपं म्हणजे तीन ओळी, ओळींत फूटभर आणि रोपांत अर्धा फूट अंतर, एवढी एका कुटुंबाला भरपूर होतात. कारली आणि दोडक्याचे दोन-दोन वेल, दुधीचा एक, काकडीचे तीन. टोमॅटोची सहा रोपं, मिरचीची चार, वांग्याची तीन. हावरटपणाने दाटी केली की ना ऊन मिळतं ना हवा, आणि मावा-बुरशी मात्र हमखास येते.

पाण्याचा हिशेब आणि वजूचं पाणी

उन्हाळी बागेचा खरा प्रश्न पाणी आहे. मार्च-एप्रिलमध्ये अनेक गावांत नळाला दिवसाआड, कुठे आठवड्याने पाणी येतं. दहा बाय दहाच्या बागेला भर उन्हाळ्यात रोज ४० लिटरच्या आसपास, म्हणजे तीनेक बादल्या पाणी लागतं. पिण्याच्या पाण्यातून ते काढणं योग्य नाही आणि परवडतही नाही.

इथे आपल्या घराला एक सोय आहे. पाच माणसांच्या घरात दिवसाला पाच नमाजांचे मिळून २५ वजू होतात. त्यातले निम्मे मशिदीत झाले किंवा एकाच वजूवर दोन नमाजा झाल्या असं धरलं आणि एका वजूला दोन लिटर पाणी धरलं, तरी रोज २४-२५ लिटर पाणी घरीच जमा होतं. बागेच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. नळाखाली पसरट घमेलं किंवा टब ठेवा, नाहीतर वजूच्या जागेची मोरी पाइपने थेट वाफ्याकडे वळवा. या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे रोपांना ते निर्धोक असतं. हनफी असोत की शाफई, वजूत वापरलेलं पाणी पाक मानलं जातं. त्याने पुन्हा वजू करता येत नाही एवढंच. झाडांना घालायला काही अडचण नाही.

यातला धडा दुहेरी आहे. पैगंबर मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत, असं बुखारी आणि मुस्लिम या हदीस संग्रहांत आलं आहे. मुद्द म्हणजे दोन्ही ओंजळीभर, लिटरच्याही आतलं माप. नळ मोकळा सोडून आपण किती पाणी घालवतो हे एकदा बादली लावून घरच्या मुलांसमोर मोजा. आधी नासाडी थांबवायची आणि मग जे उरतं ते बागेला द्यायचं, हा क्रम.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणीही चालतं. कपड्यांच्या साबणाचं पाणी नको, त्यातला सोडा माती बिघडवतो. मटण-मासळी धुतलेलं पाणी भाजीच्या वाफ्यात घालू नका. त्याला मुंग्या, माश्या, घुशी लागतात आणि ते पालेभाजीवर उडतं. मासळीचा कचरा नारळ-केळीच्या बुंध्यापासून थोडा लांब, फूटभर खोल पुरला तर खताच्या कामी येतो.

पाणी देण्याच्या दोन वेळा : फजरनंतर आणि असरनंतर. दुपारच्या उन्हात दिलेलं पाणी उडून जातं. रोज्यात सहेरी आणि फजर झाल्यावर अंग गार असतं, ऊन नसतं, अर्धा तास बागेत सहज जातो. असरनंतर स्वयंपाकघरात इफ्तारची घाई असते, तेव्हा हे काम पुरुषांनी आणि मुलांनी उचलावं. बाग घरच्या सगळ्यांची आहे आणि रमजानमध्ये घरातल्या बायकांवर आधीच दुप्पट काम असतं.

पाणी वाचवायचे आणखी दोन मार्ग. एक, आच्छादन : रोपांच्या बुंध्याभोवती पेंढा, उसाचं पाचट किंवा वाळका पाला दोन-तीन इंच पसरा. माती गार राहते, तण कमी होतं. दुसरा, मडकं : जुनं न रंगवलेलं मातीचं मडकं वेलांच्या दोन खड्ड्यांमध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. पाणी मडक्यातून झिरपत मुळांपाशी जातं. तीन-चार दिवसांनी भरलं तरी चालतं. ईदला गावी जायचं असेल तर ही युक्ती उपयोगी.

खताचा डबा आत्ताच लावा

रमजानमध्ये घरात फळांची सालं दुपटी-तिपटीने निघतात : केळी, पपई, कलिंगड, खरबूज, संत्री. हा सगळा माल कचरागाडीत जातो. झाकणाची जुनी बादली किंवा पिंप घ्या, तळाला आणि बाजूला भोकं पाडा, खाली वाळका पाला घाला. रोजच्या सालींवर तेवढाच वाळका पाला किंवा मूठभर माती टाकायची. आठवड्याने हलवायचं. दोन-अडीच महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं, जे पावसाळी लावणीला कामी येतं. तळलेले पदार्थ, तेल, उरलेला रस्सा, हाडं यात नको, वास सुटतो. खजुराच्या बियाही बाजूला काढा, त्या कुजायला फार वेळ लावतात.

गॅलरी आणि गच्चीवाल्यांसाठी

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोंढवा अशा दाट वस्तीत परस कुणाला मिळणार? तिथेही काही ना काही होतं. तीन-चार तास ऊन येणाऱ्या खिडकीत पुदिना, कोथिंबीर, मेथी होते. भेंडी-टोमॅटोचा हट्ट तिथे धरू नये. पालेभाजीला सहा इंच खोलीचा पसरट डबा पुरतो. मिरची, टोमॅटो, वांग्याला फूटभर खोल कुंडी लागते. वेलाला दीड फूट. तेलाचे डबे धुवून तळाला चार भोकं पाडली की झालं. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळा. निव्वळ माती डब्यात घट्ट होते आणि जडही असते.

गच्चीवर बाग करताना सोसायटीची परवानगी घ्या, गळती तपासा आणि डबे मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवा. ओल्या मातीचं वजन आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त असतं.

गच्चीवर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे दुधी-दोडक्याची बारकी फळं पिवळी पडून गळतात. अशा वेळी परागीभवन हाताने करावं. दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी, मगरिबच्या सुमारास उमलतात. ज्या फुलामागे इवलं फळ आहे ते मादी फूल. नर फूल खुडून त्याचा केसर मादी फुलाच्या मधोमध हलका फिरवायचा. काकडी आणि कारल्याचं हेच काम सकाळी.

कीड आली तर

रोज पाणी देताना पानाची खालची बाजू उलटून पाहा. मावा, पांढरी माशी तिथेच लपते. सुरुवातीला पाण्याच्या फवाऱ्यानेही मावा धुतला जातो. नाही गेला तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. काकडी-दुधीच्या कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे आले तर सकाळी गारठ्यात ते सुस्त असतात, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. कारली-दोडक्यात अळी पडते ती फळमाशीमुळे; फळ बोटाएवढं असतानाच त्यावर कागदी पिशवी बांधा. भेंडीचं पान शिरांसकट पिवळं पडलं तर ते रोप उपटून टाका. हा रोग औषधाने बरा होत नाही आणि पांढरी माशी तो शेजारच्या रोपावर नेते.

वाटून खायची बाग

घरची बाग किती रुपये वाचवते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पण आणखी एक हिशेब आहे. मुसलमानाने झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतं, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पोपटाने मिरची नेली म्हणून चिडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

भाजी येते तेव्हा घराच्या गरजेपेक्षा जास्तच येते. एक दुधी रोज निघू लागला की चौथ्या दिवशी मुलं तोंड फिरवतात. तेव्हा एक शेजाऱ्याकडे, एक एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या खालाकडे, एक मशिदीतल्या इफ्तारच्या स्वयंपाकाला. शेजारी मुसलमान असो वा नसो, कोवळ्या मेथीची जुडी घेऊन दार वाजवणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही.

तेव्हा या जुम्म्याच्या सुट्टीत किंवा रविवारी कुदळ काढा. पहिल्या आठवड्यात खोदाई, दुसऱ्या आठवड्यात ढेकळं फोडून खत आणि वाफे, शबे-बरातच्या आत बी जमिनीत. एवढं झालं की रमजानचा चांद दिसेल तेव्हा मेथी वीतभर झालेली असेल, इन्शाअल्लाह.